डावा मागचा कोपरा

तो खांदा पुढे खेळणाऱ्या मुलीचा नव्हता.

कुंग टेबलावर पालथी पडली होती. माझा अंगठा तिच्या उजव्या फऱ्याच्या हाडाखाली होता आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. मी जरा जोर कमी केला. बाहेर हॉलमध्ये सामने चालू होते. शटल मारल्याचे आवाज भिंतीतून बोथट होऊन येत होते. एक्झॉस्टचा पंखा खडखडत होता. तो बंद केला की खोलीत औषधाचा वास कोंडायचा, चालू ठेवला की डोकं उठायचं.

"तुमच्या जोडीत मागे कोण खेळतं?" मी विचारलं.

"पी नोक," ती रेक्झिनमध्ये तोंड खुपसूनच म्हणाली.

नागपूरच्या त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत होते. मोठे संघ आपला माणूस बरोबर आणतात. ही थायलंडची जोडी फक्त कोचबरोबर आली होती, म्हणून माझ्या वाट्याला आली. कुंग म्हणजे कोळंबी आणि नोक म्हणजे पक्षी. थायलंडमध्ये प्रत्येकाला असं घरगुती नाव असतं आणि जन्मभर तेच वापरतात. 'पी' म्हणजे ताई. कुंग बावीस वर्षांची होती, नोक तिशी ओलांडलेली. बोलणं तुटक्या इंग्रजीत व्हायचं. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा फार वाईट नव्हतं.

दुहेरीत हल्ला करताना एक जण नेटपाशी असते, दुसरी मागे. पुढचीचे गुडघे आणि मनगट दुखतं, कारण ती सारखी खाली वाकते. मागचीचा खांदा, पोटरी, बरगड्यांची बाजू दुखते, कारण ती उड्या मारते. अंगाला हात लावला की कोण कुठे खेळते ते कळतं, यात काही जादू नाही. कुंग नेटपाशी खेळत असल्याचं मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण तिच्या उजव्या खांद्याचा मागचा भाग सुजला होता, कमरेची डावी बाजू ताठ होती आणि डावी पोटरी लाकडासारखी लागत होती. हे सगळं एकाच जागेचं दुखणं होतं. उजव्या हाताने खेळणारी मुलगी डाव्या मागच्या कोपऱ्यातलं शटल डोक्यावरून वळून मारते आणि डाव्या पायावर उतरते, तिथलं.

"मग हा खांदा कोणाचा आहे?"

कुंगने टेबलाची कड सोडली. मग म्हणाली, "पी नोकला सांगू नकोस."

"काय सांगू नको?"

"काहीच."

मी बर्फाची पिशवी ठेवली आणि ती उठून बसेपर्यंत थांबले. मग तिने थोडं थोडं करून सांगितलं. पावसाळ्यापासून नोक डाव्या कोपऱ्यात उशिरा पोचते. डाव्या टाचेला काहीतरी झालंय. ती कोणाला सांगत नाही, मालिश करून घेत नाही, सराव झाला की एकटी मोजे चढवून बसते. म्हणून तिकडे शटल जायच्या आधीच कुंग मागे पळते.

तिला विचारत का नाहीस, असं मी म्हटलं. कुंगने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला नोकच्या थोबाडीत मारायला सांगितलं होतं. मोठ्या माणसाला असं विचारता येत नाही, म्हणाली. विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल. त्याला त्यांच्याकडे एक शब्द आहे, क्रेंगचाय. तो ती मला इंग्रजीत समजावू पाहत होती, आदर नव्हे, भीतीही नव्हे, असं काहीतरी. तिने एवढं समजावलं नसतं तरी चाललं असतं. आमच्याकडे त्याला भीड म्हणतात आणि मी तिच्यातच वाढले आहे.

"हा खांदा असाच वापरलास तर आतून फाटेल," मी म्हणाले. "मग वर्षभर रॅकेट धरता येणार नाही. कदाचित पुढेही नाही."

"दोनच मॅच," कुंग म्हणाली. "उद्या सेमी, परवा फायनल."

ती गेल्यावर वैरागडे आत आले. ते थाई संघाचे स्थानिक मदतनीस होते. त्यांना स्टेशनवरून आणणं, जेवण बघणं, सामन्याच्या वेळा सांगणं त्यांच्याकडे होतं. तरुणपणी जिल्ह्यासाठी दुहेरी खेळले होते आणि अजूनही प्रत्येक सामना आपणच खेळत असल्यासारखे घामाघूम व्हायचे. सकाळी त्यांनी दोघींना तर्रीपोहे खाऊ घातले होते. आपल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, या पोरींनी वरून अजून तर्री मागून घेतली, हे ते दुपारपर्यंत भेटेल त्याला सांगत होते.

"बोधनकर मॅडम, यायच्या कोचनं काय सांगून ठेवलं माहीत हाय का तुम्हाले?" त्यांनी खुर्ची ओढली. "इथं जिंकल्या तं दोघीलेही जानेवारीत युरोपात पाठवते. नाही जिंकल्या तं जोडी फुटली. लहानीले सतरा वर्षांची नवी पोरगी देणार, आन मोठी घरी."

"तिला माहीत आहे?"

"कोणाले?"

"मोठीला."

"हाव ना. तिच्यासमोरच तं सांगितलं. हसत होती बाप्पा."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. टेबलावर कळलेली गोष्ट टेबलावरच राहते, हा आमच्या कामाचा नियम आहे आणि मला तो नेहमी सोपा वाटत आला होता. मी फक्त सल्ला देऊ शकत होते, तो दिला होता. तरी अंगठ्याखाली ती सुजलेली जागा सारखी येत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सेमी फायनल कोर्टाच्या मागून पाहिली. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. उजवीकडे शटल गेलं की नोक खरोखर पक्ष्यासारखी उडायची. डावीकडे जाणार असं दिसलं की तिचं पाऊल क्षणभर अडायचं, आणि तेवढ्यात कुंग नेट सोडून मागे धावलेली असायची. मारून ती परत पुढे यायची, येताना उजवा हात जरा अंगाशी धरून. नोक तिच्याकडे बघायची. ती नजर मला नीट वाचता आली नाही. आभाराची तर नव्हती.

त्या जिंकल्या. वैरागड्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग मी बाई असल्याचं लक्षात येऊन दोनदा माफी मागितली.

संध्याकाळी नोक माझ्या खोलीत आली, पण उपचारासाठी नाही. कुंगला बर्फ हवा होता, तो न्यायला. मी पिशवी भरत असताना ती दाराला टेकून उभी राहिली. सगळा भार उजव्या पायावर होता.

"कुंग माझा कोपरा खाते," ती हसत म्हणाली. "बघितलंस ना?"

बघितलं, म्हणाले.

"नवी मुलगी नेटवर खेळते. म्हणजे पुढच्या वर्षी कुंगला मागे खेळावं लागणार. आतापासून शिकतेय. माझ्याबरोबर सराव करून घेतेय, पुढच्या जोडीदारासाठी." ती अजून हसत होती. "हुशार आहे. मीच निवडली होती तिला, पंधरा वर्षांची असताना. मी पण तिच्या जागी हेच केलं असतं."

माझ्या हातातला बर्फ खाली सांडला. मी तो गोळा करत बसले, म्हणजे वर बघायला नको. एक जण ताईची टाच लपवायला आपला खांदा घालवत होती. दुसरीला वाटत होतं, धाकटी आपल्याला सोडून जायची तयारी करतेय. आणि या समजापायीच ती टाच आणखी जिद्दीने लपवत होती, कारण आता दाखवली तर पोरीला जायला कारणच मिळेल. माझ्या एका वाक्यात हे संपलं असतं. पण ते वाक्य माझं नव्हतं.

"तू तिला विचारलंस?" मी एवढंच म्हटलं.

"काय विचारू? जाणार का म्हणून?" नोकने पिशवी घेतली. "ती नाही म्हणेल. लहान आहे ना, तिला नाहीच म्हणावं लागेल."

फायनल रविवारी दुपारी होती. सकाळी कुंग पट्टी लावून घ्यायला आली. बरोबर नोक होती, दोघींच्या बॅगा तिच्याच खांद्यावर. कुंगला हात डोक्यापर्यंत नेताना दोनदा थांबावं लागलं. तिने ते केस सारखे करण्याच्या निमित्ताने केलं.

पट्टी लावण्याआधी खांदा चोळून मोकळा करावा लागतो. ते मी केलं असतं. मी मलमाची ट्यूब नोकच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे तू कर. मला पट्ट्या कापायच्या आहेत."

पट्ट्या आधीच कापून ठेवलेल्या होत्या. मी पाठ करून कात्री चालवत राहिले, मग वळले.

कुठे चोळायचं ते मी सांगितलं नव्हतं. वरवर पाहणाऱ्याला खांद्याचा पुढचा गोल भाग दुखतो असं वाटतं, सगळे तिथेच हात ठेवतात. नोकचा हात तिकडे गेलाच नाही. तिची बोटं सरळ फऱ्याच्या हाडाखाली गेली, थोडी आत सरकली आणि बरोबर त्या सुजलेल्या जागेवर थांबली. मागे खेळून खेळून ती जागा तिच्या स्वतःच्या अंगात कितीतरी वर्षं दुखलेली असणार. कुंगचं सगळं अंग ताठ झालं.

एवढी सूज शिकण्याने येत नाही. ती महिनोन् महिने कोणाच्या तरी ऐवजी उड्या मारून येते. मला ते कुंगने सांगावं लागलं होतं, नोकला तिच्या बोटांनीच सांगितलं.

नोकने कुंगच्या पाठीवरून माझ्याकडे पाहिलं. मग तिने हळूहळू चोळायला सुरुवात केली, आणि चोळता चोळता थाईमध्ये काहीतरी साधंसं बोलत राहिली. मला वाटतं जेवणाबद्दल, कारण कुंग एकदा उशीतच हसली.

पट्टी लावून झाल्यावर कुंग वॉर्मअपला गेली. नोक थांबली. तिने दार लोटून घेतलं, स्टुलावर बसून डावा मोजा काढला आणि पाय माझ्यासमोर धरला. टाचेच्या वर, जिथे पोटरीची कंडरा बोटासारखी सुटी लागायला हवी, तिथे गाठ होती.

"बांध," ती म्हणाली. "किती चालेल?"

"सांगता येत नाही. साध्या धावण्यात टिकेल. मागे उडी मारून या पायावर उतरलीस तर पहिल्या उडीला तुटेल, नाहीतर पन्नासाव्या."

"पहिल्या उडीला नको."

"खेळू नकोस," मी म्हणाले.

"कुंगलाही हेच सांगितलं होतंस?"

"हो."

"मग?" नोक म्हणाली आणि पाय आणखी पुढे केला.

मी बांधला. माझ्या हातून जितकं नीट बांधता येईल तितकं.

समोर दोन जपानी मुली होत्या. त्यांनी आदल्या दिवशीचा सामना पाहिला असावा. पहिलंच उंच शटल त्यांनी डाव्या मागच्या कोपऱ्यात टाकलं. कुंग सवयीने वळली. पण मागून नोकचा आवाज आला, एकच अक्षर, जोरात. कुंग जागीच थांबली. नोक हवेत होती. डोक्यावरून वळून तिने ते शटल असं मारलं की समोरच्या मुलीने रॅकेट उचलायचा प्रयत्नही केला नाही. ती डाव्या पायावर उतरली.

टिकला.

पुढच्या शटलला कुंग पुन्हा वळली, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा कुंग वळली नाही. ती नेटपाशी राहिली आणि मग मी पहिल्यांदा पाहिलं की ती काय खेळाडू आहे. तोवर तिने अर्धाच खेळ खेळला होता. नेटवरचं प्रत्येक शटल ती बोटांनी टिपल्यासारखी घेत होती, खांदा लागतच नव्हता, नुसतं मनगट. मागे नोक सगळं घेत होती, डावं-उजवं. मी बसू शकत नव्हते. कोर्टाच्या कडेने चार पावलं जायची, परत यायची. पंचांनी एकदा हाताने मला मागे व्हायला सांगितलं. प्रत्येक वेळी तो डावा पाय खाली यायचा आणि मी त्याच्याकडेच बघायचे, शटल कुठे पडलं ते टाळ्यांवरून कळायचं.

"मोठीच्या अंगात आज काय आलं?" वैरागडे माझ्या कानाशी म्हणाले. "पोरीले मागं येऊच नाही देऊन राहिली. भांडल्या का काय?"

पहिला गेम नोक आणि कुंगने जिंकला. मधल्या वेळात कोच बोलत होता आणि त्या दोघी त्याच्याकडे बघत होत्या, एकमेकींकडे नाही. कुंगचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही वैरागड्यांसारखंच वाटत होतं का, ते मला कळेना.

दुसऱ्या गेममध्ये त्या पुढे होत्या. शटल पुन्हा त्याच कोपऱ्यात गेलं. नोक उडाली, मारलं, उतरली. आणि मग तिने वळून मागे पाहिलं, कोणी आपल्या टाचेवर लाथ मारली म्हणून बघावं तसं. मागे कोणी नव्हतं. मी तेव्हाच बॅग उचलली. कंडरा तुटते तेव्हा माणूस नेहमी असाच मागे बघतो.

ती हळूच खाली बसली. शटल समोरच्या कोर्टात पडलं होतं. तो गुण नोक आणि कुंगचा होता.

सामना तिथेच सोडावा लागला, आम्ही तिला खोलीत आणलं. पालथी निजवून मी पोटरी दाबली. कंडरा शाबूत असली की पोटरी दाबल्यावर पाऊल आपोआप हलतं. पाऊल हललं नाही. मी पुन्हा दाबली, उगीच.

"कळलं," नोक म्हणाली. तिला वेदना होत होत्या, पण आवाज स्थिर होता. ती पाठीवर वळली, मी पायाखाली टॉवेलची गुंडाळी दिली. कोच फोन करायला बाहेर गेला होता. नोकने माझं मनगट धरलं. "कुंगचा खांदा बरा होईल?"

"आता होईल. विश्रांती मिळाली तर."

"मिळेल. युरोप नाही आता." मग ती म्हणाली, "तिला सांग माझा पाय घसरला. कोर्ट ओलं होतं, घाम पडला होता. घसरला. बाकी काही सांगू नकोस."

कुंग बाहेरच्या बाकावर बसली होती, खांद्यावर बर्फ घेऊन. पुढे ती बरीच वर्षं खेळली, दुसऱ्या जोडीदाराबरोबर. टीव्हीवर कधी तिचा सामना लागला की मी बघते, ती नेटपाशीच असते. नोक परत खेळली नाही. पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. बाकावर एक बावीस वर्षांची मुलगी होती आणि तिच्या बर्फाचं पाणी कोपरावरून गळत होतं.

"काय झालं?"

"कंडरा तुटलीय. ऑपरेशन करावं लागेल."

"कशी?"

"घसरली म्हणते. घाम पडला होता."

कुंग माझ्याकडे बघत राहिली. हॉलमधून वैरागडे कोणाला तरी ॲम्ब्युलन्सबद्दल ओरडत होते.

"पी नोक घसरत नाही," ती म्हणाली.

मी गप्प राहिले. तिला जे कळायचं ते माझ्या गप्प राहण्यातून कळलं असेल, किंवा आधीच, कोर्टावर, त्या तिसऱ्या शटलला. तिने बर्फाची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि जर्सीने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"मला खांद्याचं विचारलं तिने तर?" ती म्हणाली.

"तू काय सांगशील?"

तिने विचार केला. "हॉटेलची उशी," ती म्हणाली. "फार कडक आहे. पहिल्या रात्रीच अवघडला."

मी दार उघडून धरलं. ती आत गेली. मी मागोमाग जायला हवं होतं, पायाला फळी बांधायची होती. पण मी उंबऱ्यापाशीच थांबले. कुंग टेबलाच्या पायथ्याशी उभी राहून खालच्या आवाजात बोलत होती. एकदा तिने स्वतःच्या खांद्याला हात लावला आणि मान वाकडी करून दाखवली. नोकने गंभीरपणे ऐकलं. मग तिने आपल्या डोक्याखालची उशी ओढून काढली, दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि मान हलवली, हो, इथल्या उशा वाईटच आहेत.

वैरागडे माझ्या खांद्यावरून डोकावले. "काय म्हणून राहिल्या?"

"उशीबद्दल," मी म्हणाले.

पायाखालची गुंडाळी सरकली होती. कुंगने ती बाजूला केली, खाली बसली आणि नोकची टाच आपल्या दोन्ही तळहातांवर घेतली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने ती खाली ठेवली नाही.